ब्लॅकजॅकवर आधारित नवा पत्त्यांचा खेळ : द्यायचे काय आणि परत घ्यायचे कुठून?

चौकटचा गुलाम

ब्लॅकजॅकच्या पायावर उभा असलेला, पण स्वतंत्र म्हणता येईल असा कॅसिनोतील एक खेळ तयार करण्याचा विचार बरेच दिवस डोक्यात आहे. त्याचा कच्चा आराखडा येथे मांडतो. मूळ खेळ बहुतेकांना ठाऊक आहे: २१ च्या जास्तीत जास्त जवळ जायचे, २१ ओलांडले की हात गेला, डीलरने १६ पर्यंत पान घ्यायचे आणि १७ ला थांबायचे. माझी तक्रार अशी की पहिली दोन पाने वाईट आली की खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. आपल्याकडे दश्शी-छक्का आणि डीलरपुढे राजा असेल, तर पान घ्या किंवा थांबा, रुपयामागे सरासरी ५४ पैसे जायचे ते जातातच.

म्हणून माझ्या खेळात प्रत्येकाला तीन पाने वाटली जातील आणि त्यांतले एक टाकून उरलेल्या दोन पानांनी त्याने नेहमीचे ब्लॅकजॅक खेळावे. डीलर मात्र दोनच पाने घेईल. या सवलतीच्या बदल्यात एक्का (१ किंवा ११) आणि दहाचे पान (दश्शी, गुलाम, राणी किंवा राजा) मिळून होणाऱ्या ब्लॅकजॅकला दीडपट न देता बरोबरीचे पैसे द्यावेत आणि बेरीज समान आली तर घर, म्हणजे कॅसिनो, जिंकावे. सहा जोडांचा शू (पाने वाटायची पेटी) गृहीत धरला आहे. एवढ्यात हिशेब जुळेल का, आणि मुख्य म्हणजे खेळ रंगेल का, यावर मते हवी आहेत.

गणितवेडी

आराखडा वाचला. आधी घराची कमाई नेमकी कोठून येते ते स्पष्ट असावे. ब्लॅकजॅकमध्ये खेळणारा आधी खेळतो आणि बस्ट झाला (म्हणजे २१ ओलांडले) की त्याची बेट लगेच उचलली जाते, मग पुढे डीलर बस्ट झाला तरी ती परत मिळत नाही. डीलर साधारण २८ टक्के वेळा बस्ट होतो. खेळणाऱ्याने डोळे मिटून डीलरचीच नक्कल केली, तर दोघेही बस्ट होण्याचे प्रसंग आठ टक्क्यांच्या आसपास येतात. त्यातून ब्लॅकजॅकच्या दीडपटीचा फायदा वजा केला की घराकडे साडेपाच टक्के उरतात. योग्य वेळी थांबणे, डबल करणे (बेट दुप्पट करून एकच पान घेणे) आणि जोडी फोडणे (स्प्लिट, म्हणजे सारख्या दोन पानांचे दोन हात करणे) या तीन गोष्टी नीट जमणारा माणूस तेवढेही अर्ध्या टक्क्यावर आणून ठेवतो. एवढ्या अरुंद जागेत नवी सवलत बसवायची आहे, हे लक्षात घ्यावे.

आता तुमची तीन पाने. सहा जोडांमधून दोन पाने घेतली तर ब्लॅकजॅक ४.७५ टक्के वेळा येते. तीन घेऊन दोन निवडायची मुभा असेल तर तेच प्रमाण ११.५ टक्क्यांवर जाते. दोन दहाची पाने मिळून होणारी वीसची बेरीज ९.४ टक्क्यांवरून २२.५ टक्क्यांवर जाते. दोन्ही प्रकारांत मोडणारे हात एकदाच मोजले तर जवळजवळ ३२ टक्के हात वीसने किंवा ब्लॅकजॅकने सुरू होतील.

समान बेरजेला घर जिंकणे ही शिक्षा मोठी आहे, त्यामुळे पैशांचा हिशेब ओढूनताणून जुळेलही. माझा आक्षेप वेगळा आहे. तीनपैकी एका हातात खेळणाऱ्याला काहीही ठरवायचे नसेल, नुसते हात हलवून थांबायचे असेल, तर तो खेळतो आहे असे कसे म्हणायचे? शिवाय वीस हातात असताना डीलरनेही वीस काढून बेट नेली की माणूस जसा चिडतो, तसा तो सोळावर बस्ट होऊनही चिडत नाही. तुमच्या खेळात वीसचे हात दुपटीहून जास्त आहेत, म्हणजे चिडण्याचे प्रसंगही त्याच प्रमाणात वाढले.

तिर्री

मग डीलरलाही तीन पाने द्यावीत. दोघांना सारखीच मुभा असेल तर बरोबरीची शिक्षा ठेवायची गरजच पडणार नाही. पै गाव पोकरमध्ये डीलरची पाने कशी लावायची याचा ठरलेला नियम असतो, तसा येथेही करता येईल: उघडे पान कायम ठेवायचे आणि झाकलेल्या दोन पानांपैकी ज्याने बेरीज चांगली होते ते घ्यायचे.

गणितवेडी

कागदावर हे न्याय्य दिसते, पण टेबलावर त्याचे काय होईल ते पाहा. डीलरपुढे दहाचे पान उघडे आहे असे धरा. एकच झाकलेले पान असेल तर ते एक्का किंवा दहाचे असण्याची शक्यता तेरात पाच, म्हणजे ३८.५ टक्के असते. झाकलेली पाने दोन असतील तर त्यांपैकी किमान एक तसे असण्याची शक्यता ६२ टक्के होते. डीलरपुढे दहाचे पान उघडले की दहापैकी सहा वेळा त्याच्याकडे वीस किंवा ब्लॅकजॅक आहे हे ठाऊक असताना कोण हौसेने पान मागेल? आणि दहाचे पान तर तेरात चार वेळा उघडणार.

मांडवीकाठ

पणजीला मांडवीतल्या एका जहाजावर मी काही वर्षे डीलर म्हणून काम केले आहे, त्यामुळे टेबलाच्या आतल्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

शूमधून वाटल्या जाणाऱ्या ब्लॅकजॅकमध्ये पाने उघडी वाटली जातात आणि खेळणाऱ्याने त्यांना हात लावायचा नसतो. त्याने खुणा करायच्या: पान हवे असेल तर बोटाने टेबलावर टकटक, नको असेल तर पालथा तळवा आडवा फिरवायचा. या खुणा डीलरसाठी असतात त्याहून अधिक वरच्या कॅमेऱ्यासाठी असतात, कारण वाद झाला की शब्द कोणी ऐकलेले नसतात, हात मात्र दिसतो. सात जणांच्या टेबलावर प्रत्येकाने तीनपैकी कोणते पान टाकायचे हे बोटाने दाखवायचे, डीलरने ते उचलायचे, आणि मग कोणीतरी म्हणायचे की मी शेजारचे पान दाखवले होते! भरलेल्या टेबलावर तासाला पन्नास-साठ हात होतात. ते चाळीसवर आले तर तुमच्या खेळाचे गणित कितीही सुंदर असो, टेबलांवर देखरेख करणारा पिट मॅनेजर तो टेबलावर ठेवणार नाही. घराला टक्केवारीतून पैसे मिळत नाहीत, टक्केवारी गुणिले तासाचे हात गुणिले बेट यातून मिळतात.

आणखी एक. डीलरने विचार करावा लागेल असा कोणताही नियम घालू नका. रात्री तीन वाजता, आठ तास उभे राहिल्यावर, डोके चालत नाही. सवयीने हात चालतात, तेवढ्यात बसेल तोच नियम टिकतो.

इस्पिक एक्का

या निमित्ताने पूर्वी हे कोणी कसे सोडवले ते पाहणे उपयोगी ठरेल, कारण यशस्वी झालेल्या प्रत्येक प्रकारात एक ठळक देणे आणि एक अबोल घेणे आहे.

डबल एक्स्पोजरमध्ये डीलरची दोन्ही पाने उघडी असतात. बॉब स्टुपॅक यांनी हा खेळ १९७९ मध्ये लास व्हेगासच्या व्हेगास वर्ल्डमध्ये आणला. खेळणाऱ्याला स्वर्ग दोन बोटे उरल्यासारखे वाटते, पण समान बेरीज घराची आणि ब्लॅकजॅकला बरोबरीचे पैसे, म्हणजे धागाकर्त्यांनी सुचवलेलेच दोन नियम तेथे किंमत म्हणून घेतले आहेत. १९९० च्या दशकातल्या स्पॅनिश २१ मध्ये प्रत्येक जोडातून चारही दश्श्या काढून टाकल्या. राजा, राणी, गुलाम तसेच राहिले, जोड ४८ पानांचा झाला. या एका गोष्टीने खेळणाऱ्याचे जे नुकसान होते त्याच्या जोरावर बाकी सगळी दानत दाखवता आली: खेळणाऱ्याचे २१ नेहमी जिंकते, कितीही पानांवर डबल करता येते, २१ च्या काही खास हातांना जास्त पैसे मिळतात.

ज्योफ हॉल यांचा ब्लॅकजॅक स्विच मला सर्वांत चतुर वाटतो. खेळणारा दोन सारख्या बेटा लावून दोन हात घेतो आणि त्यांतली दुसरी पाने आपसांत बदलू शकतो. बदल्यात ब्लॅकजॅकला बरोबरीचे पैसे, आणि डीलरची बेरीज २२ झाली तर तो बस्ट न ठरता उरलेल्या हातांची बरोबरी मानली जाते. डीलरला २२ साधारण सात टक्के वेळा येते. या नियमातली खुबी अशी की खेळणाऱ्याचे त्यात काही जात नाही, फक्त मिळणारे मिळत नाही, आणि माणसाला या दोन गोष्टी सारख्या वाटत नाहीत. त्यांच्याच फ्री बेट ब्लॅकजॅकमध्ये ठरावीक हातांवर डबल आणि स्प्लिटचे पैसे घर भरते, तेथेही किंमत २२ चीच.

माझे मत असे की धागाकर्त्यांनी देणे फार मोठे निवडले आहे. दुखते ते सोळावर. मग औषध वीसवाल्यालाही कशाला द्यायचे?

चौकटचा गुलाम

इस्पिक एक्का यांचे शेवटचे वाक्य नेमके बसले. तीन पानांची कल्पना सोडून नवा आराखडा देतो.

सर्वांना दोनच पाने. एक्का नसलेल्या हाताची बेरीज १२ ते १६ असेल, तर खेळणाऱ्याला एकदा, अन्य काहीही करण्यापूर्वी, दोनपैकी एक पान बदलून घेता येईल. बदललेल्या पानाने एक्का आणि दहा जमले तरी ते साधे २१ समजावे. बदल केल्यावर डबल किंवा स्प्लिट करता येणार नाही. खेळाचे नाव सध्या ‘अदलाबदल’ ठेवतो. डीलरचे २२ म्हणजे बरोबरी, एवढी किंमत पुरेल असा अंदाज आहे.

गणितवेडी

हा आराखडा मला मनापासून आवडला, आणि तो फुकट देता येणार नाही हेही लगेच सांगते.

अनंत जोड (म्हणजे पाने काढली तरी उरलेल्यांचे प्रमाण बदलत नाही असे) धरून मोजले तर असे अडलेले हात १६९ पैकी ६५, म्हणजे ३८.५ टक्के येतात. त्यांतल्या ४० हातांत एक पान दहाचे असते, आणि खरी गंमत त्या हातांत आहे. दहा-सहावर पान घेतले तर तेरापैकी आठ पाने तुम्हाला बस्ट करतात. तोच सहा टाकून नवे पान घेतले तर तेरापैकी आठ पानांनी (सत्ता, अठ्ठा, नव्वा, चार प्रकारची दहाची पाने आणि एक्का) बेरीज १७ ते २१ मध्ये जाते आणि बस्ट कोणत्याच पानाने होत नाही. म्हणजे ज्या ८/१३ ने हात मरत होता त्याच ८/१३ ने तो आता उभा राहतो. हा उलटफेर खेळणाऱ्याला गणित न येताही जाणवेल.

किंमत पाहू. डीलरपुढे सत्ता असताना सोळावर पान घेतले तर रुपयामागे सरासरी ४१ पैसे जातात. सहा बदलला तर सुमारे २६ पैसे मिळतात. मदत झाली ६७ पैशांची. डीलरपुढे दहाचे पान असेल आणि त्याच्याकडे ब्लॅकजॅक नाही हे तपासून झाले असेल, तर उणे ५४ चे अधिक अडीच पैसे होतात, मदत सुमारे ५६ पैसे. छक्क्यापुढे उणे १५ चे अधिक २९, मदत ४४. दहाचे पान नसलेल्या हातांत ती पुष्कळ कमी आहे. उदाहरणार्थ सात-आठमधून आठ ठेवला तर तेरापैकी सहाच पानांनी १७ किंवा अधिक होतात, आणि त्यांतली चार १८ वरच थांबतात. तरीही दर शंभरांत अडतीस वेळा एवढी मदत वाटायची तर डीलरच्या २२ ने ती भरून निघणार नाही.

म्हणून सुचवते की किंमत बदलावरच लावावी: पान बदलायचे तर बेटाच्या निम्मी रक्कम शुल्क म्हणून द्यायची. मग पाहा काय होते. दहाच्या पानापुढे दहा-सहा बदलावे, कारण मदत ५६ पैसे आणि शुल्क ५०. दहा-पाचही बदलावे, मदत ५३. दहा-चारची मदत ४९ पैसे, अगदी काठावर. दहा-दोन मुळीच बदलू नये, मदत फक्त ४१. सत्त्यापुढे मात्र दहा-तीनही बदलण्यासारखे आहे. छक्क्यापुढे बदलणे म्हणजे घराला देणगी. चांगल्या खेळात अशीच रेषा हवी, जी नवख्याला दिसत नाही आणि जाणत्याला शोधावीशी वाटते. अशा रीतीने घराचे नुकसान इतके आटोक्यात येते की २२ चा नियम आणि ब्लॅकजॅकच्या पैशांची कपात हे दोन्ही टाळता येतील.

तिर्री

गणित पटले, पण निम्मे पैसे देऊन पान बदलणे लोकांना रुचेल का? सरेंडरमध्येही निम्मी बेट सोडून उठायचे असते आणि फार थोडे लोक ते वापरतात. त्याऐवजी बदल फुकट ठेवावा, मात्र बदललेला हात जिंकला तर निम्मेच पैसे द्यावेत.

गणितवेडी

सत्त्यापुढे बदललेला हात जिंकण्याची शक्यता निम्म्याहून थोडी अधिक आहे, म्हणजे या पद्धतीत घराला पन्नासऐवजी तीस पैशांच्या आसपासच मिळतात. तेवढी उदारता परवडायची तर २२ चा नियम परत आणावा लागेल. शिवाय छक्क्यापुढेही बदलणे बहुधा फायद्याचे ठरेल आणि निर्णयातली चुरस निघून जाईल. खेळ सोपा होईल हे खरे, आणि पर्यटकांच्या टेबलासाठी कदाचित तोच योग्य ठरेल. मला स्वतःला पहिला प्रकार अधिक आवडतो.

कोणताही घेतला तरी शेवटचा आकडा प्रोग्रॅम लिहूनच काढावा लागेल. ब्लॅकजॅकच्या एका हाताचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) बेटाच्या सुमारे १.१५ पट असते, त्यामुळे दहा लाख हात खेळवून काढलेल्या सरासरीतही ०.१ टक्क्याहून जास्त हेलकावा राहतो. जिथे सगळी कमाईच अर्ध्या-एक टक्क्याची आहे तिथे दहा कोटी हातांखाली बोलू नये. त्याहून उत्तम म्हणजे सर्व शक्यता मोजून काढणे. १९५६ मध्ये बाल्डविन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी मूळ खेळाची नीती टेबलावरच्या गणनयंत्रांवर काढली होती, आपल्याकडे तर लॅपटॉप आहे.

मांडवीकाठ

शुल्काच्या बाजूने मी एक व्यावहारिक मुद्दा जोडतो. शुल्काची चिप हीच खूण करता येईल. प्रत्येक जागेपुढच्या कापडावर दोन छोटे चौकोन छापायचे, डावा पहिल्या पानासाठी आणि उजवा दुसऱ्यासाठी. ज्या चौकोनात चिप ठेवली ते पान जाणार. तोंडी काही नाही, बोट दाखवणे नाही, आणि कॅमेऱ्याला चिप स्पष्ट दिसते. डीलर चिप उचलून ट्रेमध्ये टाकतो, जुने पान बेटाखाली आडवे सरकवतो आणि नवे पान देतो. जुने पान लगेच वापरलेल्या पानांच्या रॅकमध्ये टाकू नये, हात संपेपर्यंत आडवे राहू द्यावे, म्हणजे वाद झाल्यास हात पुन्हा मांडता येतो. फुकट बदलात ही सोय मिळत नाही.

बेट मात्र निम्मी करता येईल अशीच घ्यावी. पाचशेच्या टेबलावर अडीचशेची सुट्टी कोण काढत बसणार? किमान बेट हजार आणि पुढे हजाराच्याच पटीत, असा फलक लावावा.

शूबद्दलही सांगतो. शूमध्ये दहाची पाने जास्त उरली असतील तेव्हा हा बदल अधिक फायद्याचा होतो, म्हणजे पाने मोजणाऱ्याला आणखी एक हत्यार मिळते. सतत पिसणारे यंत्र लावले की हा प्रश्न मिटतो आणि पिसण्यात जाणारा वेळही वाचतो.

किलवर राणी

आपल्याकडच्या लोकांना तीन पत्ती रक्तातच असते. खेळणाऱ्याची पहिली दोन पाने आणि डीलरचे उघडे पान मिळून ट्रेल (तिन्ही एकाच दर्जाची), प्युअर सिक्वेन्स (एकाच चिन्हाची सलग), सिक्वेन्स (नुसती सलग) किंवा कलर (एकाच चिन्हाची) झाला तर वेगळ्या छोट्या बेटावर पैसे द्यावेत. क्रम तीन पत्तीचाच ठेवावा, म्हणजे कोणाला काही शिकवावे लागणार नाही.

गणितवेडी

या जातीची २१+३ नावाची बाजूची बेट अनेक कॅसिनोंत आहेच. फक्त क्रम जसाच्या तसा उचलता येणार नाही. एका जोडात ट्रेल ०.२३५ टक्के आणि प्युअर सिक्वेन्स ०.२१७ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. सहा जोडांत एकाच दर्जाची २४ पाने असल्यामुळे ट्रेल ०.५२५ टक्क्यांवर चढतो आणि प्युअर सिक्वेन्स ०.२०७ टक्क्यांवरच राहतो. अडीच पटींनी सोप्या हाताला सर्वांत मोठे बक्षीस कसे देणार? तेथे प्युअर सिक्वेन्स ट्रेलच्या वर ठेवावाच लागतो, आणि तीन पत्ती खेळत वाढलेला माणूस पहिल्याच रात्री त्यावरून भांडेल. तिन्ही पाने एकाच चिन्हाची येण्याची शक्यता एका जोडात ५.२ टक्के असते, ती सहा जोडांत ६.१ होते. तीन सत्ते जमण्याची शक्यता ५५२५ त एकवरून सुमारे २४७७ त एकवर येते. जोड किती, हे ठरल्याशिवाय बक्षिसांचा तक्ता लिहूच नये.

मांडवीकाठ

आणि ही बेट पान बदलण्याआधीच चुकती करावी. नाहीतर कोणते पान धरायचे यावर रोज एक तक्रार येईल.

पक्षकार

कायद्याच्या बाजूचे थोडक्यात लिहितो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(एम) नुसार खेळ खेळण्याची पद्धत पेटंटयोग्य नाही. अमेरिकेतही २०१६ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने ब्लॅकजॅकसारख्याच एका खेळाचा दावा अमूर्त कल्पना म्हणून फेटाळला. नव्या प्रकारचा जोड वापरला असता तर विचार होऊ शकला असता, असे मात्र सूचित केले. तेव्हा नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवा. कापडावरचे चित्र आणि नियमपत्रिकेचा मजकूर यांवर कॉपीराइट राहील, नियमांवर राहणार नाही.

गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यातील नंतरच्या दुरुस्त्यांमुळे डीलर असलेली टेबले जहाजांवर चालतात, पंचतारांकित हॉटेलांना यंत्रांपुरतीच परवानगी आहे. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला, त्यामुळे मुंबई-पुण्याचा विचार सोडा. पैसे लावून खेळायचे ॲप काढण्याचा मार्ग २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने बंद केला आहे. घरी मित्रांबरोबर चाचणी घ्याल तेव्हा चिंचोक्यांवर घ्या, पैशांवर नको.

चौकटचा गुलाम

सर्वांचे आभार. शुल्काचा प्रकार स्वीकारतो, आणि बाजूची बेट तूर्त बाहेर ठेवतो. दोन नियम लिहायचे राहिले आहेत. आठ-आठ आले तर फोडणे किंवा बदलणे यांपैकी एकच करता येईल असे ठरवतो. दुसरा प्रश्न असा की काही ठिकाणी डीलर आपले दुसरे पान सर्वांचे खेळून झाल्यावर घेतो. तेथे शुल्काचे काय करावे?

मांडवीकाठ

तेथे हा खेळ मांडू नये. गणितवेडी यांचे दहाच्या पानापुढचे सगळे आकडे डीलरने आधी तपासले आहे या गृहीतकावर उभे आहेत. निम्मे शुल्क भरून, पान बदलून, वीस करून बसलेल्या माणसापुढे शेवटी डीलरने एक्का काढला, तर दीड बेट गेलेला तो माणूस पुन्हा त्या टेबलावर येणार नाही. दहाचे पान किंवा एक्का उघडला की डीलरने झाकलेले पान तपासायचे, आणि त्यानंतरच शुल्काचे चौकोन खुले झाल्याचे तोंडी जाहीर करायचे, हे नियमपत्रिकेत पहिल्याच ओळीत लिहा.

गणितवेडी

आणि आठ-आठसाठी वेगळी ओळ नको. बदल हा ‘अन्य काहीही करण्यापूर्वी’ असतो आणि बदलल्यावर स्प्लिट नाही, हे तुम्ही आधीच लिहिले आहे. फोडल्यानंतर मिळालेल्या नव्या हातांना बदल लागू नाही, एवढे मात्र जोडा, कारण फोडलेल्या आठावर सत्ता बसला की तो प्रश्न कोणीतरी विचारणारच.